सतरा मतांचा पंतप्रधान

२९ नोव्हेंबर १९७४ रोजी अंकारामध्ये तुर्कीच्या राष्ट्रीय सभेत नव्या सरकारवरच्या विश्वासमताची मोजणी झाली. बाजूने १७ मतं पडली, विरोधात ३५८. सभागृह ४५० जणांचं. रुळलेलं सरकार पाडायला २२६ मतं लागत, आणि हे सरकार तर जेमतेम बारा दिवसांचं होतं. पंतप्रधान होते सादी इर्माक. वय सत्तर, पेशाने डॉक्टर आणि शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. तेव्हा ते कुठल्याही पक्षाचे नव्हते आणि त्या संसदेत कुठल्याही मतदारसंघातून निवडूनही आले नव्हते.

इतक्या दणदणीत नकारानंतर माणूस दुसऱ्या दिवशी घरी जातो, अशी आपली समजूत. इर्माक गेले नाहीत, कारण त्यांची जागा घ्यायला कोणीच तयार होत नव्हतं. राष्ट्राध्यक्षांनी नवं सरकार येईपर्यंत काम बघा म्हणून सांगितलं आणि त्यांनी ते आणखी १२२ दिवस बघितलं, ३१ मार्च १९७५ पर्यंत. म्हणजे एकूण १३४ दिवसांच्या पंतप्रधानपदातले पहिले बारा सोडले, तर बाकी सगळे दिवस संसदेने 'नको' म्हटल्यानंतरचे.

मराठीत अशा सरकारला आपण 'काळजीवाहू' म्हणतो. हा शब्द मला फार आवडतो. घर दुसऱ्याचं आहे, मालक भांडतायत किंवा परगावी आहेत, आणि कोणीतरी एकजण कुलूप, दिवा, पाणी एवढं बघतोय, असं त्यात दिसतं. तुर्कस्तानातल्या अशा पंतप्रधानांविषयी लिहायचं तर त्या यादीतलं सगळ्यात एकाकी नाव इर्माकांचं आहे. १९६५ मध्ये सुआत हायरी उर्ग्युप्ल्यु असेच निवडणुकीपुरते पंतप्रधान झाले होते, पण त्यांच्यामागे चार पक्ष उभे होते. १९७१ मध्ये निहात एरिम आले, त्यांच्यामागे आधीच्या सरकारला पायउतार व्हायला लावणारं सेनापतींचं १२ मार्चचं निवेदन होतं. १९७३ मध्ये मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर नाइम तालू आले, त्यांना दोन पक्षांचा टेकू होता. इर्माकांच्या मागे मोठा पक्ष नव्हता आणि रणगाडेही नव्हते. होतं ते फक्त राष्ट्राध्यक्ष फाहरी कोरुत्युर्क यांचं नेमणूकपत्र, आणि कोरुत्युर्क स्वतःही पक्षांबाहेरचेच, निवृत्त नौदल प्रमुख.

इर्माकांचा जन्म १९०४ चा, कोन्या प्रांतातल्या सेयदीशेहिर गावचा. पुढे सत्तरच्या दशकात तिथे सोव्हिएत मदतीने अ‍ॅल्युमिनियमचा मोठा कारखाना आला आणि आता गावाची ओळख त्यावरूनच सांगतात. त्यांच्या लहानपणी ते टॉरस डोंगररांगांच्या पायथ्याचं, ऑटोमन साम्राज्याच्या आतल्या अंगाचं साधं गाव होतं. ते विशीत पोचेपर्यंत साम्राज्य संपलं आणि प्रजासत्ताक आलं. इस्तंबूलमध्ये कायद्याचं शिक्षण सुरू केलेला हा मुलगा सरकारी परीक्षा देऊन युरोपात पाठवायच्या विद्यार्थ्यांत निवडला गेला.

त्या प्रवासाची गोष्ट इर्माकांनी स्वतः सांगितली आहे, आणि शिष्यवृत्तीवर परदेशी निघालेल्या तुर्की मुलांना ती आजही ऐकवतात. इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकावर गाडी उभी होती. जावं की न जावं अशी त्यांच्या मनात घालमेल चालली होती. देश नुकत्याच संपलेल्या युद्धातून उठलेला, पैसा नाही, आणि आपण परदेशी निघालोय. तेवढ्यात तारवाला त्यांचं नाव पुकारत आला. तार प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा कमाल, म्हणजे पुढचे आतातुर्क, यांची होती: तुम्हाला ठिणगी म्हणून पाठवतो आहे, ज्वाळा होऊन परत या. ते गाडीत बसले आणि बर्लिनला वैद्यकशास्त्र शिकायला गेले. १९३४ च्या आडनावाच्या कायद्यानंतर त्यांच्या नावापुढे 'इर्माक' लागलं. तुर्कीत त्याचा अर्थ नदी.

या गोष्टीतला 'सरकारने पाठवलं' हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. त्या पिढीचं शिक्षण, नोकरी, मानमरातब, सगळं राज्यसंस्थेकडून आलेलं. राज्यसंस्थेशी त्यांचं नातं मतदाराचं किंवा कार्यकर्त्याचं नव्हतंच, ते ऋणकोचं होतं. पक्ष ही त्यांच्या लेखी नंतर आलेली आणि थोडी गोंगाटाची चीज. इर्माकांच्या पुढच्या साठ वर्षांत हे नातं पुन्हा पुन्हा दिसतं, कधी त्यांच्या फायद्याचं ठरून, कधी त्यांना एकटं पाडून.

ते परतले तेव्हा तुर्कस्तानातलं उच्च शिक्षण उलटंपालटं होत होतं. १९३३ मध्ये इस्तंबूलचं जुनं दारुलफुनून बंद करून त्या जागी नवं विद्यापीठ उभं राहिलं. हिटलरच्या जर्मनीतून हाकललेल्या प्राध्यापकांना तिथे मानाने बोलावलं गेलं. शरीरक्रियाशास्त्र हान्स विंटरश्टाइन यांच्याकडे आलं. हे लोक जर्मनमध्ये शिकवायचे आणि तुर्की सहकारी वर्गात उभं राहून वाक्यागणिक भाषांतर करायचे, अशी तेव्हाची पद्धत. बर्लिनमध्ये शिकलेल्या इर्माकांसाठी ही दुनिया घरचीच होती. त्याच विषयात ते इस्तंबूलला प्राध्यापक झाले.

याच काळातली एक गोष्ट गाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. १९३७ च्या दुसऱ्या तुर्की इतिहास परिषदेत इर्माकांनी रक्तगट आणि बोटांचे ठसे यांच्या आधारे 'तुर्की वंशाच्या जीवशास्त्रा'वर निबंध वाचला. वंशसुधारणेच्या विचारांवर त्यांनी जाहीर व्याख्यानंही दिली. ज्या विद्यापीठाने वंशवादाचे बळी ठरलेल्या जर्मन शास्त्रज्ञांना आसरा दिला, तिथलाच एक डॉक्टर वंशाचं मोजमाप करत होता. त्या काळी जगभरच्या वैद्यकात हे खूळ होतं हे खरं. पण रक्तगटांचं प्रमाण गावोगावी आणि जमातीजमातींत बदलतं, त्यातून राष्ट्राची रेषा काढता येत नाही, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञाला कळायला हवं होतं. निव्वळ तज्ज्ञपणाने माणूस चुकीपासून वाचत नाही, याचं त्यांच्याच आयुष्यातलं हे पहिलं उदाहरण.

१९४३ मध्ये ते जम्हुरियत हाल्क पार्तीसीचे, म्हणजे आतातुर्कांनी स्थापलेल्या पक्षाचे, कोन्याचे खासदार झाले. जून १९४५ मध्ये तुर्कस्तानात पहिल्यांदा कामगार मंत्रालय निघालं आणि इर्माक पहिले कामगारमंत्री झाले. १९४७ पर्यंत ते खातं त्यांच्याकडे होतं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वात टिकाऊ काम या दोन वर्षांतलं आहे, आणि त्याविषयी बोललं मात्र सगळ्यात कमी जातं.

मंत्रालय नवं, म्हणजे कारकून, कपाटं, निरीक्षक इथपासून सुरुवात. त्याच महिन्यात कामावरचे अपघात, व्यवसायजन्य आजार आणि बाळंतपण यांच्या विम्याचा कायदा झाला. पाठोपाठ तो विमा चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा कायदा झाला, आणि १९४६ च्या सुरुवातीला कामगारांना काम मिळवून देणारी सरकारी संस्था निघाली. तोवर यंत्रात हात गेला तर त्या कामगाराचं काय, हे बहुतेक ठिकाणी मालकाच्या मर्जीवर असे. आता हप्ता, नोंद, डॉक्टरचा दाखला आणि ठरलेली भरपाई अशी साखळी तयार झाली. पुढची तुर्की सामाजिक सुरक्षा याच पायावर उभी राहिली.

दुसरा कायदा २० फेब्रुवारी १९४७ चा, कामगार संघटनांचा. १९४६ मध्ये वर्गावर आधारित संघटनांवरची बंदी उठताच काही महिन्यांत भराभर संघटना निघाल्या होत्या, आणि डिसेंबरात लष्करी कायद्याखाली त्यातल्या अनेक बंद केल्या गेल्या. त्यानंतर आलेला हा कायदा संघटनेला मान्यता देतो, पण राजकारण करायचं नाही अशी अट घालतो. संप तर १९३६ च्या कामगार कायद्यापासूनच बंद होता. तो हक्क मिळायला १९६१ ची घटना आणि १९६३ चे कायदे यावे लागले. थोडक्यात, कामगाराची काळजी घेऊ, पण त्याने स्वतःच्या वतीने बोलू नये. ही कलमं लक्षात ठेवावीत, पस्तीस वर्षांनी ती परत येणार आहेत.

१९५० मध्ये पक्ष हरला. इर्माक काही काळ म्युनिकला शिकवून आले आणि मग इस्तंबूलच्या वैद्यक विद्याशाखेत रमले. वीसेक वर्षं ते प्राध्यापक, वक्ते आणि आतातुर्कांच्या विचारांचे भाष्यकार म्हणून वावरले. १९७४ मध्ये कोरुत्युर्क यांनी त्यांना सेनेटवर नेमलं. १९६१ च्या घटनेत सेनेटचे १५० सदस्य निवडून येत आणि १५ राष्ट्राध्यक्ष नेमत. या पंधरांना 'कोन्तेन्जान' सेनेटर, म्हणजे कोट्यातले सेनेटर, म्हणत. ही नेमणूक दिसायला मानाची, पण तिच्यात एक व्यावहारिक किल्ली होती. मंत्री संसदेबाहेरचाही चालत असे, पण पंतप्रधान मात्र दोन सभागृहांपैकी एकाचा सदस्य असावाच लागे. म्हणजे राष्ट्राध्यक्षांना पक्षाबाहेरचा पंतप्रधान हवा असेल, तर माणूस आधी सेनेटवर आणून ठेवावा लागे. तालू याच वाटेने आले होते आणि इर्माकही याच वाटेने आले.

आता १९७४ चा तिढा. तो आकड्यांशिवाय कळत नाही.

१४ ऑक्टोबर १९७३ च्या निवडणुकीत ब्युलेंत एजेवित यांच्या हाल्क पार्तीसीला १८५ जागा मिळाल्या, सुलेमान देमिरेल यांच्या आदालेत पार्तीसीला १४९, नेज्मेत्तिन एर्बाकान यांच्या मिल्ली सेलामेतला ४८, देमिरेलांपासून फुटलेल्या देमोक्रातिक पार्तीला ४५, गुव्हेन पार्तीसीला १३, राष्ट्रवादी हारेकेतला ३, एका छोट्या पक्षाला १ आणि अपक्षांना ६. बहुमत २२६ चं. डाव्या बाजूचे एजेवित आणि इस्लामी वळणाचे एर्बाकान जानेवारी १९७४ मध्ये एकत्र आले, बेरीज २३३. जुलैमध्ये सायप्रसवर लष्करी कारवाई झाली आणि एजेवित रातोरात लोकनायक झाले. जोडीदारांत मात्र सायप्रसच्या श्रेयापासून परदेश दौऱ्यापर्यंत खटके उडत गेले. सप्टेंबरात एजेवित यांनी राजीनामा दिला. हिशेब सरळ होता: लाट आहे तोवर निवडणूक घेऊ, एकहाती बहुमत आणू.

पण निवडणूक मुदतीआधी घ्यायची तर ते ठरवणार सभागृह, आणि सभागृहात निवडणूक हवी असलेले फक्त १८५. बाकी प्रत्येक पक्षाला कळत होतं की आज मतदान झालं तर एजेवित जिंकतील. त्यामुळे 'निवडणूक नको' यावर बहुमत पक्कं होतं, पण त्याच बहुमताला सरकार बनवता येत नव्हतं. उजव्या बाजूचे सगळे मिळून २५८ होत, पण त्यातले ४५ देमिरेल यांच्याबरोबर बसायला तयार नव्हते, कारण त्यांचा पक्ष देमिरेलविरोधातूनच जन्मलेला. ते वजा केले की उरतात २१३. तेरा कमी. तुर्कस्तानचं अर्धं वर्ष या तेरा मतांत अडकून पडलं.

घटनेत यावर उतारा होता का? कागदावर होता. कलम १०८ प्रमाणे अठरा महिन्यांत दोनदा सरकार अविश्वासाने पडलं आणि तिसऱ्यांदाही अविश्वास आला, तर पंतप्रधान राष्ट्राध्यक्षांकडे नव्या निवडणुका मागू शकत असे. पण ही मोजणी होती ती काम करणाऱ्या सरकारांच्या पडण्याची. सुरुवातीचंच विश्वासमत न मिळणं त्यात धरलं जात नव्हतं. म्हणजे इर्माकांसारखी पाच सरकारं ओळीने नाकारली असती, तरी त्या मोजणीत एकाचीही भर पडली नसती. सरकार बनवायला किती दिवस, याला तर मर्यादाच नव्हती. १९६१ ची घटना १९६० च्या लष्करी उठावानंतर लिहिली गेली. एका पक्षाने बहुमताच्या जोरावर सगळं गिळंकृत करू नये, ही तिच्या लेखकांची चिंता होती, म्हणून त्यांनी सभागृह विसर्जित करण्याचा दरवाजा मुद्दाम अरुंद ठेवला. बहुमतच तयार होणार नाही, या शक्यतेसाठी त्यांनी घड्याळ लावलं नाही. मला ही त्या घटनेची सर्वात खोल चूक वाटते, आणि ती चांगल्या हेतूतून झाली म्हणून तिचं जास्त वाईट वाटतं.

एजेवित यांचा राजीनामा आणि इर्माकांचा शपथविधी यांत दोन महिने गेले. १७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळ आलं. उपपंतप्रधान झेय्यात बायकारा होते, परराष्ट्र खातं वॉशिंग्टनमध्ये राजदूत राहिलेल्या मेलिह एसेनबेल यांच्याकडे. बरेचसे मंत्री संसदेबाहेरचे, आणि पक्षांपैकी फक्त छोट्या गुव्हेन पार्तीसीचा सहभाग. नियमाप्रमाणे सरकार बनल्यापासून आठवड्याच्या आत कार्यक्रम वाचायचा, मधे दोन पूर्ण दिवस सोडून चर्चा, चर्चेनंतर एक पूर्ण दिवस सोडून मतदान. हे सगळं उरकून २९ तारीख उजाडली आणि १७ विरुद्ध ३५८ असा निकाल लागला. गुव्हेन पार्तीसीचे तेरा खासदार लक्षात घेतले, की बाहेरून आलेली मतं हाताच्या बोटांवर मोजता येतात.

हा पराभव व्यक्तीचा नव्हता, हे मी ठामपणे म्हणेन. १९७१ ते १९७३ ही वर्षं पक्षांनी 'पक्षांच्या वरच्या' सरकारांखाली, लष्कराच्या नजरेखाली काढली होती. आपल्याला बाजूला सारून तज्ज्ञ आणून बसवतात, ही सल सगळ्यांच्याच मनात होती. निवडणूक होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुन्हा एक पक्षहीन मंत्रिमंडळ समोर आलं, तेव्हा एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या एका गोष्टीवर एक झाले. त्यांचा आक्षेप तत्त्वाने बरोबर होता. फक्त नकार देऊन झाल्यावर स्वतः सरकार देण्याची जबाबदारी त्यातल्या कोणी उचलली नाही.

मग सुरू झाले ते १२२ दिवस. काळजीवाहू सरकारने काय करावं आणि काय करू नये, हे त्या घटनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. कायद्याने अधिकार तेच. अडचण व्यवहारात येते. कायदा करायचा तर सभागृहात मतं नाहीत. मंत्रिमंडळाच्या हुकूमनाम्यावर सगळ्या मंत्र्यांच्या सह्या आणि वर राष्ट्राध्यक्षांची सही लागते, ती मिळते. पण उद्या येणारं सरकार तो फिरवणार हे प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत असतं, म्हणून अंमलबजावणी रेंगाळते. मोठ्या नेमणुका कोणी रेटत नाही. परदेशी सरकारं सौजन्याने बोलतात, पण शब्द देत नाहीत आणि घेतही नाहीत. ज्या निर्णयाला हिंमत लागते तो पुढे ढकलला जातो, आणि जो ढकलता येत नाही तो अपुऱ्या बळावर घ्यावा लागतो.

आणि ढकलता न येणारं बरंच होतं. तेव्हा तुर्कस्तानचं आर्थिक वर्ष १ मार्चला सुरू होई आणि अंदाजपत्रक किमान तीन महिने आधी संसदेत मांडायचं असे. म्हणजे अखेरची तारीख नोव्हेंबर संपता संपता. ज्या आठवड्यात सरकार नाकारलं गेलं, त्याच आठवड्यात त्या सरकारने देशाच्या पुढच्या वर्षाचा हिशेब मांडणं घटनेला अपेक्षित होतं. अंदाजपत्रक तपासणाऱ्या ५० जणांच्या संयुक्त समितीत किमान ३० जण सत्ताधारी पक्षाचे असावेत असाही नियम होता. सत्ताधारी पक्षच नाही, ही कल्पना नियम लिहिणाऱ्यांना शिवलीच नव्हती.

५ फेब्रुवारी १९७५ ला, सायप्रसच्या कारवाईवरून अमेरिकी काँग्रेसने तुर्कस्तानवर घातलेली शस्त्रबंदी लागू झाली. सैन्याची बहुतेक सामग्री अमेरिकी, तिचे सुटे भागही तिथलेच. नाटोच्या आग्नेय टोकावरच्या देशाचे सुटे भाग थांबले, आणि ते हाताळायला होता संसदेत १७ मतांचा पंतप्रधान. आठ दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, सायप्रसमधल्या तुर्कांचे नेते राऊफ देंक्ताश यांच्या नेतृत्वाखाली उत्तर सायप्रसमध्ये 'तुर्की संघराज्य' जाहीर झालं. सायप्रसचा प्रश्न आजही जिथे अडकलाय, त्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. एजेवितांनी विजय मिळवला होता, वाटाघाटीने त्याचं काय करायचं हे ठरवण्याचे महिने मात्र असे रिकामे गेले. बहुमताचं सरकार असतं तर तडजोड झालीच असती असा दावा मी करणार नाही. तडजोड करू शकेल असं कोणी खुर्चीत नव्हतं, एवढं मात्र खरं.

मधेच, ३० जानेवारीच्या संध्याकाळी, इस्तंबूलच्या येशिलक्योय विमानतळावर वीज गेली. उतरू पाहणाऱ्या तुर्की एअरलाइन्सच्या फोकर विमानाला पुन्हा वर जावं लागलं आणि ते मार्माराच्या समुद्रात कोसळलं. ४२ माणसं गेली. काळजीवाहू काळात देश थांबत नाही, हे अशा दिवशी कळतं. दुसऱ्या सकाळी चौकशी कोणीतरी नेमायचीच असते. विद्यापीठांत डाव्या-उजव्या तरुणांच्या हाणामाऱ्या त्याच हिवाळ्यात वाढत चालल्या होत्या. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी हजारो जीव घेतले.

अखेर तेरा मतांचा प्रश्न देमिरेलांनी सोडवला. देमोक्रातिक पार्तीतून काही जण फुटले, काही अपक्ष आले. ३१ मार्चला चार पक्षांची 'राष्ट्रवादी आघाडी' सत्तेवर आली आणि १२ एप्रिलला तिला २२२ विरुद्ध २१८ असं विश्वासमत मिळालं. अवघ्या तीन खासदारांच्या पक्षाला या सरकारात दोन मंत्री मिळाले, त्यातला एक उपपंतप्रधान. इतक्या बारीक बहुमतात प्रत्येक मताचा भाव चढतो, आणि तो खातेवाटपात चुकवला जातो.

इर्माक सेनेटमध्ये परतले. त्यांच्या गोष्टीचा दुसरा भाग सहा वर्षांनी सुरू होतो.

१२ सप्टेंबर १९८० ला लष्कराने सत्ता घेतली. त्याआधीचे अनेक महिने संसद शंभरावर फेऱ्या घेऊनही नवा राष्ट्राध्यक्ष निवडू शकली नव्हती. म्हणजे पुन्हा तोच घड्याळ नसण्याचा आजार. १६ ऑक्टोबर १९८१ ला सगळे पक्ष विसर्जित केले गेले आणि आठवड्याने, २३ तारखेला, नवी घटना लिहिण्यासाठी १६० जणांची सल्लागार सभा बसली. सदस्य निवडून आलेले नव्हते. १२० जण प्रांतांच्या राज्यपालांनी सुचवलेल्यांतून आणि ४० थेट, असे सगळे उठावाचे नेते जनरल केनान एव्हरेन यांच्या सेनापती मंडळाने ठरवले. सदस्यत्वाची एक अट होती: ११ सप्टेंबर १९८० ला तुम्ही कुठल्याही पक्षाचे सदस्य नसावेत. या सभेने आपला अध्यक्ष निवडला, सादी इर्माक.

१९७४ मध्ये पक्ष नव्हता म्हणून त्यांना १७ मतं पडली. १९८१ मध्ये पक्ष नसणं हीच प्रवेशाची अट झाली. माणूस बदलला नव्हता, दार बदललं होतं.

ओरहान आल्दीकाच्ती यांच्या १५ जणांच्या समितीने मसुदा केला, सभेने त्यावर १९८२ चा उन्हाळा घालवला, आणि शेवटचा हात सेनापती मंडळाने फिरवला. ७ नोव्हेंबर १९८२ च्या सार्वमतात ९१.३७ टक्के होकार नोंदवला गेला. होकाराची चिठ्ठी पांढरी, नकाराची निळी, आणि घटनेच्या समर्थनार्थ एव्हरेन जी भाषणं देत फिरत होते त्यांवर टीका करायला बंदी. त्याच मताने एव्हरेन सात वर्षांसाठी राष्ट्राध्यक्षही झाले. एजेवित, देमिरेल, एर्बाकान यांना दहा वर्षं राजकारणबंदी झाली, ती १९८७ च्या सार्वमताने कशीबशी उठली. इर्माकांना १९७४ मध्ये नाकारणाऱ्या तिन्ही मोठ्या नेत्यांची तोंडं त्या घटनेने बंद केली, आणि ती लिहिणाऱ्या सभेच्या खुर्चीत इर्माक होते. त्यांनी सूड उगवला असं मी म्हणत नाही, तशी त्यांची वृत्ती दिसत नाही. पण त्या खुर्चीत बसायला त्यांनी नकार द्यायला हवा होता असं मला वाटतं. पक्षांच्या वर असणं आणि लोकांच्या वर असणं यांतला फरक त्यांच्या पिढीला नीट दिसला नाही. १९४७ ची अटही परत आलीच: कलम ५२ ने कामगार संघटनांना राजकीय उद्दिष्ट ठेवायला बंदी घातली. ते १९९५ मध्ये काढलं गेलं.

याच घटनेत दुरुस्तीची जागा मात्र अचूक हेरलेली होती. राष्ट्राध्यक्ष चार फेऱ्यांत निवडला गेला नाही तर संसदेची निवडणूक नव्याने. आणि कलम ११६ तेव्हा म्हणत होतं की ४५ दिवसांत सरकार बनलं नाही किंवा विश्वासमत मिळालं नाही, तर राष्ट्राध्यक्ष निवडणुका नव्याने घेऊ शकतात. मधल्या काळासाठी कलम ११४: मंत्रिमंडळात पक्षांना खासदारांच्या प्रमाणात जागा, आणि न्याय, गृह व दळणवळण ही खाती अपक्षांकडे, कारण मतदानावर दाब टाकता येतो तो याच तीन खात्यांतून. इर्माकांचे १२२ दिवस परत येऊ नयेत, याची यंत्रणा त्यांच्या डोळ्यांसमोर लिहिली गेली.

ती पूर्णपणे वापरली गेली २०१५ मध्ये. ७ जूनच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला ५५० पैकी २५८ जागा मिळाल्या. त्या पक्षाचे नेते अहमेत दावुतोलू यांना सरकार बनवायला सांगितलं गेलं ९ जुलैला, आणि १८ ऑगस्टला त्यांनी हात टेकले. दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला बोलावलंच गेलं नाही, मुदत संपू दिली आणि निवडणूक १ नोव्हेंबरला लावली. २८ ऑगस्टला काळजीवाहू मंत्रिमंडळ आलं. मुख्य विरोधी पक्षाने त्यात जायचं नाकारलं, राष्ट्रवादी पक्षाचा एकजण पक्षाचा आदेश मोडून गेला, कुर्दांच्या बाजूने बोलणाऱ्या पक्षाचे दोन मंत्री महिनाभराच्या आत राजीनामा देऊन बाहेर पडले. घड्याळ बरोबर चाललं. फक्त ज्याला नव्या निवडणुकीत फायदा दिसतो त्याला ते नुसतं संपू देता येतं, हे तेव्हा लक्षात आलं.

इर्माक हे बघायला नव्हते. ११ नोव्हेंबर १९९० ला ते इस्तंबूलमध्ये वारले. २०१७ च्या सार्वमताने पंतप्रधानपदच रद्द झालं आणि जुलै २०१८ मध्ये बिनाली यिल्दिरिम त्या पदावरून उतरलेले शेवटचे. अंकाराच्या त्याच इमारतीत आता ६०० सदस्य बसतात. मंत्री राष्ट्राध्यक्ष नेमतात, आणि त्यांच्यासाठी सभागृहापुढे विश्वासमताचा ठराव येत नाही.